हँडबॉलला पोरं मिळेनात, सहावर गाडी अडकलीय

सहामीटर
१५ फेब्रुवारी, सकाळी १०:४२

मंडळी, जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय सल्ला मागण्यात अर्थ नाही.

आमचं गाव कृष्णाकाठचं, तालुक्याचं ठिकाण, सांगलीहून एसटीने तासाभराचं. कबड्डीची दोन मंडळं आहेत, संध्याकाळी व्हॉलीबॉलची तीन नेट लागतात, क्रिकेटचं तर विचारूच नका. हँडबॉल मात्र कुणाच्या गावीही नाही. मी कॉलेजात असताना खेळलो, दोन वर्षं विद्यापीठाच्या संघात राखीव गोली होतो. राखीव म्हणजे बाकावरच, खोटं कशाला सांगू. बारा वर्षं पुण्यात नोकरी करून परत आलोय. स्टँडसमोर हार्डवेअरचं दुकान आहे, संध्याकाळी साडेपाच ते सात भाऊ गल्ल्यावर बसतो, तेवढा वेळ माझा.

दिवाळीनंतर मनावर घेतलं. हायस्कूलच्या मागचं मैदान मागून घेतलं. गोलपोस्ट गिऱ्हाइकातल्याच एका वेल्डिंगवाल्याकडून करून घेतले, तीन मीटर रुंद, दोन मीटर उंच. लाल-पांढरे पट्टे मी स्वतः मारले. सहा मीटरची रेघ आखायला अख्खी दुपार गेली. ज्यांनी कधी आखली नाही त्यांच्यासाठी सांगतो, ते साधं अर्धवर्तुळ नसतं. एका खांबाच्या बुडाशी खिळा ठोकायचा, त्याला सहा मीटरची सुतळी, सुतळीच्या टोकाला धरून फक्की सोडत पाव वर्तुळ मारायचं. दुसऱ्या खांबापासून तसंच. मग मधे तीन मीटरची सरळ रेघ जोडायची. मी पहिल्यांदा गोलच्या मधोमध खिळा ठोकून मोकळा झालो होतो, सगळं पुसून परत केलं. टोपणनाव त्यावरूनच.

स्टँडवर फ्लेक्स लावला. शाळेत प्रार्थनेनंतर पाच मिनिटं बोललो. व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढला. पहिल्या दिवशी चौतीस पोरं-पोरी आली. माझा आनंद गगनात मावेना. दुसऱ्या आठवड्यात एकोणीस. आता सहा. संघाला लागतात सात, म्हणजे गोलीला मीच उभा राहतो आणि सरावाला समोर कोणी नाही.

सगळ्यात जिव्हारी लागलं ते हे, की आलेल्या नऊ मुलींपैकी आज एकही नाही.

पोरं विचारतात, सर हे टीव्हीवर का नसतं? ऑलिंपिकमध्ये आहे का? मी सांगतो, १९७२ च्या म्युनिकपासून आहे, मुलींचं १९७६ पासून. ती मान हलवतात आणि दुसऱ्या दिवशी व्हॉलीबॉलच्या नेटवर दिसतात. कुठं चुकतंय?


आडवा_बांध
१५ फेब्रुवारी, सकाळी ११:०५

हँडबॉल म्हणजे भिंतीवर चेंडू मारायचा तोच ना? आम्ही दुपारभर खेळायचो, त्याला गोलपोस्ट कशाला लागतो.


सहामीटर
१५ फेब्रुवारी, सकाळी ११:२०

तो वेगळा भाऊ. हा चाळीस बाय वीस मीटरच्या मैदानावर सात-सात जणांचा. हाताने फुटबॉल समजा, फक्त गोल पाच-दहा नाही, एका बाजूला पंचवीस-तीस होतात.


आडवा_बांध
१५ फेब्रुवारी, सकाळी ११:३१

तीस गोल होत असतील तर गोली काय करतो? तुम्हीच होतात ना गोली 😄


पीटीवाले_अण्णा
१५ फेब्रुवारी, दुपारी १:१५

सहामीटर, एकतीस वर्षं शाळेत शिट्टी फुंकलेला माणूस आहे, म्हणून थेट विचारतो. तीन प्रश्न.

चेंडू कितव्या नंबरचा आहे?
पहिल्या दिवशी पोरांच्या हातात चेंडू किती मिनिटांनी आला?
मुलींना किती वाजता बोलावलं होतंत?

उत्तरं द्या, मग बोलू. फ्लेक्सचा विषय सध्या बाजूला ठेवा.


रंकाळ्यावरून
१५ फेब्रुवारी, दुपारी १:४०

अण्णांचे प्रश्न वाचून सहामीटर घामाघूम झाले असणार.


सहामीटर
१५ फेब्रुवारी, रात्री ९:५०

दुकान बंद करून लिहितोय. अण्णा, खरं ते सांगतो.

चेंडू ३ नंबरचे, चार आहेत. आम्ही त्यानेच खेळायचो म्हणून तेच आणले.
पहिल्या दिवशी आधी नियम सांगितले (अर्धा तास), मग मैदानाला चार फेऱ्या, मग दोन रांगा करून पासिंग. चौतीस पोरं आणि चार चेंडू. म्हणजे एकेकाच्या हातात... आता हिशेब करतोय तर मलाच लाज वाटतेय.
मुलींनाही साडेपाचलाच.


पीटीवाले_अण्णा
१६ फेब्रुवारी, सकाळी ६:३०

झालं. तुमची पोरं खेळाला कंटाळून गेली नाहीत, ती खेळलीच नाहीत.

चेंडूचं आधी घ्या. ३ नंबर हा मोठ्या पुरुषांचा. परीघ ५८ ते ६० सेंटिमीटर, वजन ४२५ ते ४७५ ग्रॅम. सातवीतल्या मुलीचा पंजा त्यावर ठेवून बघा, बोटं अर्ध्यावरच संपतात. एका हातात चेंडू मावला नाही की तो फेकता येत नाही, दोन्ही हातांनी ढकलावा लागतो. ढकललेला चेंडू सहा मीटरवरून गोलपर्यंत पोचतो तेव्हा त्यात जीव नसतो. पोरीला वाटतं आपल्याला जमत नाही. तिला जमत होतं, चेंडू तिचा नव्हता. चौदापर्यंतच्या मुलींना आणि बारापर्यंतच्या मुलांना १ नंबर, ५० ते ५२ सेंटिमीटर, तीनशे ग्रॅमच्या आसपास. त्यापुढच्या मुलींना आणि सोळापर्यंतच्या मुलांना २ नंबर. तुमच्या सहा पोरांत सोळाच्या वरचे किती, आणि जे टिकले ते सगळे हाताने मोठे आहेत का, एवढं फक्त बघा.

दुसरं. नियम सांगू नका. दोनच सांगा: चेंडू हातात धरून तीनपेक्षा जास्त पावलं नाहीत, आणि डीत, म्हणजे सहा मीटरच्या रेघेच्या आत, पाय नाही. बाकीचे खेळता खेळता शिट्टी वाजेल तेव्हा कळतील. तीन सेकंद, नऊ मीटर, पॅसिव्ह वगैरे महिन्याने.

तिसरं, पहिल्या दिवशी हँडबॉल हा शब्दच काढू नका. लगोरी लावा. गोलच्या आत सात ठिकऱ्यांची लगोरी रचा आणि सहा मीटरच्या रेघेवरून फोडायला सांगा. ज्याचा नेम बसतो तो पोरगा स्वतःहून दुसऱ्या दिवशी चार मित्र घेऊन येतो, कारण त्याला त्यांना हरवायचं असतं.

आणि शाळेमागं चिंचेचं झाड असेलच. तिथं दगड मारून चिंचा पाडणारं पोर कोण ते बघून ठेवा. मला माझे दोन सर्वात चांगले नेमबाज तिथंच सापडले, मालकाच्या शिव्या ऐकताना.

जाता जाता एक. हा खेळ कुणा संस्थानिकाने काढलेला नाही. डेन्मार्कातल्या होल्गर निल्सन नावाच्या शाळामास्तराने शाळेतल्या पोरांसाठी तो बसवला आणि १९०६ मध्ये नियम छापले. म्हणजे आपल्याच जातकुळीतला. पीटीच्या तासाचं लेकरू आहे ते, पीटीच्या तासासारखंच वाढवा.


दोन_मुलींची_आई
१६ फेब्रुवारी, दुपारी २:२०

अण्णा, चेंडूचं पटलं. पण मुलींचं फक्त चेंडूवर भागणार नाही, म्हणून लिहिते.

माझी मोठी आठवीत आहे. आमच्याकडे असाच एक वर्ग सुरू झाला होता, दुसऱ्या खेळाचा. तिला फार आवडायचं. मी बंद केलं. मीच. आता कारणं ऐका.

साडेपाच ते सात म्हणजे थंडीत निम्मा वेळ अंधार. मैदान ते आमची गल्ली दहा मिनिटं, मधे एक टपरी, तिथं संध्याकाळी कोण उभं असतं ते सगळ्यांना माहीत आहे. मैदानावर मुलींना जायला स्वच्छतागृह उघडं नव्हतं, शाळा सुटली की शिपाई कुलूप लावून जायचे. आणि शिकवणारे सर एकटे, मोठी बाई कोणी नाही. सर चांगले होते हो, पण घरात विचारतात तेव्हा "सर चांगले आहेत" एवढ्यावर भागत नाही.

तुम्ही वेळ बदला. शनिवारी शाळा सकाळची असते, साडेअकराला सुटते, तिथूनच तासभर घ्या. मुली आधीच शाळेत असतात, मैत्रिणी बरोबर असतात, उन्हाचं काय ते झाडाखाली बघा. आणि कुलपाची किल्ली आधी मागा, चेंडू नंतर. एखादी आई, मावशी, शाळेतल्या बाई, कोणी तरी बसायला हवी. बसायला मीसुद्धा आले असते, गाव वेगळं पडलं.


तिखटजाळ
१६ फेब्रुवारी, दुपारी ३:०२

+१ ताईंना. किल्लीचं वाक्य लाखाचं.


भरतीवाला
१६ फेब्रुवारी, सायंकाळी ७:१०

सहामीटर साहेब, पहाटे पाचला मैदानावर जाऊन बघा. पोलीस भरतीची पोरं असतातच. १६०० मीटर, १०० मीटर, गोळाफेक, रोज तेच. मी अशाच एका बॅचला पळवतो. खांदा तयार, पाय तयार, शिस्त आहे. रविवारी त्यांना काही तरी वेगळं हवं असतं. त्यांना खेळवा. मोठी पोरं खेळताना दिसली की बारकी आपोआप कुंपणाला लटकतात.

शिवाय फ्लेक्सवर मोठ्या अक्षरात लिहा, खेळाडूंना सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण. पालक स्वतः घेऊन येतील.


पीटीवाले_अण्णा
१६ फेब्रुवारी, रात्री ८:४५

पहिलं मान्य, दुसरं अजिबात नाही. आरक्षण खरं आहे, दहावी-बारावीचे सवलतीचे गुणही खरे आहेत. पण त्याला कुठल्या पातळीवरची स्पर्धा, कितवा क्रमांक, प्रमाणपत्राची क्रीडा उपसंचालकांकडून पडताळणी, अशा पायऱ्या आहेत. शाळेचा संघ तालुका, जिल्हा, विभाग आणि मग राज्यापर्यंत जातो. तुमची टीम अजून सात जणांची नाही आणि फ्लेक्सवर नोकरी? ज्या बापाला नोकरी दाखवून आणाल, तो दोन वर्षांनी पोराला घेऊन जाईल आणि वर चार गावांत सांगेल की फसवलं. मी हे होताना बघितलंय, एका खेळाच्या नावाने. खेळ कोणता, शिकवणारा कोण, ते सोडा.


भरतीवाला
१६ फेब्रुवारी, रात्री ९:००

अण्णा, मान्य. पण घरी पोरं विचारतात, यातून काय मिळणार? त्याला उत्तर काय?


पीटीवाले_अण्णा
१६ फेब्रुवारी, रात्री ९:१२

खेळायला मिळेल. कबड्डीत कोण विचारतं सांगा.


रंकाळ्यावरून
१७ फेब्रुवारी, सकाळी १०:३०

मी खेळाडू नाही, नुसता बघ्या. पण कोल्हापुरात फुटबॉल का चालतो ते लहानपणापासून बघतोय. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा भिडले की माणूस खेळ बघायला जातो असं नाही, आपली तालीम बघायला जातो. दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस, प्रत्येकाच्या मागं पेठ आहे. त्या पेठेतल्या आजीलासुद्धा निकाल माहीत असतो.

तुम्ही "हँडबॉल शिका" म्हणून बोलावताय. शिकायला कोण येतं हो, शिकवणीला जाऊन आलेली असतात बिचारी. खालची आळी विरुद्ध वरची आळी लावा. पाच-पाच जणांची, दहा मिनिटांची मॅच. हरलेली आळी स्वतःच खेळाडू शोधेल. भरतीचं काम तुम्ही करायचंच नाही.


आडवा_बांध
१७ फेब्रुवारी, सकाळी १०:४१

आणि भांडणं झाली की?


रंकाळ्यावरून
१७ फेब्रुवारी, सकाळी १०:४४

थोडी व्हायला पाहिजेत.


चढाईबहाद्दर
१७ फेब्रुवारी, दुपारी १२:२५

कबड्डीवाला बोलतोय, जरा आमचीही बाजू. गावात नवीन खेळ आला की मंडळाला पहिली भीती असते, आमची पोरं पळवतील. तुम्ही मंडळात जाऊन चहा प्यालात का? नसाल तर जा. ऑफ सीझनला आमची पोरं घ्या, आमच्या स्पर्धा लागल्या की सोडा, असं तोंडावर ठरवा.

आणि पोरं तुम्हाला हवीच आहेत, हे मी सांगतो. कोपरारक्षकाला समोरच्याच्या कमरेकडे बघून तो कुठं वळणार ते कळतं. तुमच्या त्या डीवर हात पसरून उभं राहायला तोच लागतो. फक्त त्याला सांगा की पकड करायची नाही.

खो-खोवाल्यांनाही विसरू नका. खांबावर सूर मारणारं पोर तुमच्या कोपऱ्यातून गोलवर झेप घेईल, तुमचं ते हवेतलं फेकणं असतं ना?


सहामीटर
१७ फेब्रुवारी, रात्री १०:०५

अहो चढाईबहाद्दर, हे डोक्यातच आलं नव्हतं! विंगवरून कोन मिळत नाही म्हणून डीच्या वर उडी मारून हवेतच चेंडू सोडायचा असतो. पाय जमिनीला टेकायच्या आत चेंडू सुटला तर डीत पडलेलं चालतं. सूरच तो.


राइनकाठी
१८ फेब्रुवारी, पहाटे २:३५

कोलोनजवळ राहते, म्हणून ही वेळ. मुलगा सात वर्षांचा, इथल्या गावच्या क्लबात हँडबॉलला जातो. आमचं गाव काही हजार वस्तीचं, तरी क्लब आहे.

इथं काय करतात ते सांगते, उचलण्यासारखं वाटलं तर उचला. बारक्यांना "मिनी" म्हणतात. छोटं मैदान, चार खेळाडू आणि एक गोली, आणि गोलची उंची कमी करतात, वरच्या दांडीला फळी किंवा पट्टी लटकवून १.६० मीटरवर आणतात. नाही तर बारका गोली दोन मीटरच्या गोलमध्ये उभा राहून रडतोच. गुणतक्ता नसतो. आणि थोड्या मोठ्या वयातही बचाव माणसाला माणूस असाच लावतात, सगळ्यांनी डीवर भिंत करून उभं राहायचं नाही. त्यामुळे सगळी पोरं पळतात, कोणीही उभं राहून कंटाळत नाही.

दुसरं, आई-बापांना कामाला लावतात. घड्याळ कोण लावणार, गुण कोण लिहिणार, केक कोण आणणार. मी नियम न कळता पहिल्याच महिन्यात गुणलेखनाला बसले होते. बसल्यावर खेळ कळला. आता घरी मीच ओरडते.

१० जानेवारी २०२४ ला ड्युसेलडॉर्फच्या फुटबॉल स्टेडियममध्ये युरोपियन स्पर्धेची सलामी झाली, ५३,५८६ लोक. आम्ही टीव्हीवर बघत होतो. ती गर्दी अशा केक आणणाऱ्यांचीच आहे, एवढंच म्हणायचंय.


तिखटजाळ
१८ फेब्रुवारी, सकाळी ९:१५

ताई, जर्मनीत हॉल आहेत, गरम पाणी आहे. इथं फक्की उडून जाते. आणि लीगचं काय झालं ते बघा. २०२३ मध्ये जयपूरला प्रीमियर हँडबॉल लीग झाली, जिंकलं कोण? आपलीच महाराष्ट्र आयर्नमेन! तुमच्या गावात एकाला तरी माहीत आहे का? वरून पैसा ओतून खेळ खाली उतरत नाही.


राइनकाठी
१८ फेब्रुवारी, दुपारी १:५०

हॉलचं खरं आहे. पण मी हॉलबद्दल लिहिलंच नव्हतं. लटकवलेल्या पट्टीबद्दल लिहिलं होतं.


सहामीटर
१८ फेब्रुवारी, रात्री ९:३०

पट्टी माझ्या दुकानात आहे 🙂 उद्याच लावतो.

लीगचं, तिखटजाळ, मी पोरांना जुन्या क्लिप दाखवल्या होत्या. बघतात, "भारी" म्हणतात. त्यातून कोणी मैदानावर आलं असं मात्र आठवत नाही.


पाईपफिटर
१९ फेब्रुवारी, सकाळी ८:२०

विषय सोडून एक. तुमचे गोलपोस्ट जमिनीत गाडलेत की नुसते ठेवलेत? नुसते असतील तर आज दुकान बंद ठेवा पण ते आधी बांधा. पोरं दांडीला लोंबकळतात आणि पोस्ट पुढं पालथा पडतो. मागच्या दोन्ही पायांना जमिनीत अँगल ठोकून नटबोल्टने जोडा, वाळूच्या पोत्यांवर विसंबू नका.


सहामीटर
१९ फेब्रुवारी, सकाळी ८:५५

नुसते ठेवले होते. निघालो.


माड_आणि_वाळू
२० फेब्रुवारी, दुपारी ४:४०

रत्नागिरीकडून. आमच्याकडे मैदान नाही, किनारा आहे. बीच हँडबॉल करून बघतोय. सत्तावीस बाय बाराचं मैदान, एका वेळी चारच खेळाडू, दहा-दहा मिनिटांचे दोन डाव. हवेत गोल गिरकी घेऊन गोल मारला की दोन गुण. पोरं त्या गिरकीवर फिदा आहेत. वाळूत पडलं तर लागत नाही, चपला लागत नाहीत, आणि चार जण म्हटल्यावर संघ लगेच होतो. तुमच्याकडे नदीकाठची वाळू असेल तर... (आता कुठली असणार म्हणा.)


आडवा_बांध
२० फेब्रुवारी, दुपारी ४:५८

वाळू? सांगली जिल्ह्यात? तिचा विषय काढू नका, धागा बंद पाडतील.


सहामीटर
१४ मार्च, रात्री १०:२०

बरेच दिवसांनी. घडलेलं सांगतो, ज्यांनी कष्ट घेऊन लिहिलं त्यांचा तो हक्क आहे.

१ नंबरचे सहा चेंडू आणि २ नंबरचे चार आणले. पैसे? माझ्या खिशातले निम्मे, निम्मे कबड्डी मंडळाच्या अध्यक्षांनी दिले. होय, चहा प्यायला गेलो होतो. पहिला कप संपेपर्यंत ते गप्प होते. दुसऱ्याला म्हणाले, आमची पोरं मे महिन्यात मोकळीच असतात.

शनिवारी साडेअकराचा मुलींचा तास सुरू केला. शाळेतल्या विज्ञानाच्या बाई स्वतःहून थांबतात, किल्ली त्यांच्याकडेच. पहिल्या शनिवारी पाच आल्या, त्यातल्या दोन आधी सोडून गेलेल्या. त्यातली एक, सातवीतली, तिने १ नंबरचा चेंडू उचलला, एका हातात धरला, उलटा केला. चेंडू पडला नाही. तिने माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "सर, हा वेगळा आहे." मी म्हटलं, हो, हा तुझा. मग तिने लगोरी फोडली ती पहिल्याच फटक्यात, वर गोलची जाळीही फाडली. काल अकरा होत्या.

चिंचेचं झाड बघितलं, अण्णा. शाळेमागं नाही, पाटलांच्या वाड्यामागं आहे. तीन संध्याकाळी तिथून चक्कर मारली. पाटलीणबाईंना वाटलं मीच चिंचा चोरायला येतोय. तिसऱ्या दिवशी सापडला. नववीतला, डावखुरा! उजव्या बाजूला डावखुरा मिळणं म्हणजे काय ते खेळलेल्यांना सांगायला नको, गोलचा कोन त्याच्या हाताला उघडतो. दोन पावलं घेऊन दगड असा सोडत होता की फांदी नाही, नेमका घोसच खाली. मैदानावर मात्र अजून चेंडूला दगड समजतो, पास देतो तो झेलणाऱ्याच्या छातीत.

आळीच्या मॅच सुरू केल्या. चार आळ्या, रविवारी पहाटे, भरतीच्या पोरांबरोबर. पहिल्याच मॅचला मंडळाच्या एका पोराने समोरच्याच्या घोट्याला अशी पकड टाकली की तो तोंडावर आपटला. मी दोन मिनिटं बाहेर काढला. तो म्हणतो, "सर, बोनस तरी द्या." आता त्याला डीच्या मधोमध उभा केलाय, हात पाठीमागं बांधल्यासारखा चालतो, पण जागचा हलत नाही. वरच्या आळीने तीन रविवार हरल्यावर बाहेरगावचा भाचा खेळवला, त्यावरून बाचाबाची झाली. रंकाळ्यावरून, तुमच्या मनासारखं झालं.

एकूण एकतीस. रोज येणारी वीसेक. पोस्ट जमिनीत पक्के आहेत, पाईपफिटर.

हे होताना एक लक्षात आलं. सात खेळतात पण बदली खेळाडू कितीही वेळा, खेळ न थांबवता आत-बाहेर करता येतात. त्यामुळे कच्च्या पोरालाही दर मॅचला चार मिनिटं देता येतात. व्हॉलीबॉलच्या नेटवर तीच पोरं नुसती चेंडू आणून द्यायची.


पीटीवाले_अण्णा
१५ मार्च, सकाळी ६:१०

डावखुऱ्याला पास शिकवायची घाई नको. आधी त्याला चिंचा पाडू द्या. 

मुलींच्या अकराला एक सांगा, डिसेंबर २०२४ मध्ये महिलांची आशियाई स्पर्धा आपल्याकडेच, दिल्लीत झाली. आणि गोली कोण आहे त्यांच्यात? गोली मिळाल्याशिवाय मी तुम्हाला शाबासकी देणार नाही.


सहामीटर
१५ मार्च, रात्री ९:४०

गोली अजून नाही. कुणीच उभं राहायला तयार नाही, तोंडावर चेंडू बसेल म्हणतात. नियमात गोलीच्या डोक्यावर मोकळ्या फटक्यात चेंडू मारला तर मारणाऱ्याला दोन मिनिटं बाहेर बसावं लागतं, हे सांगितलं. एक मुलगी म्हणाली, "पण लागलेलं माझ्या तोंडाला ना?" बिनतोड.


दोन_मुलींची_आई
१५ मार्च, रात्री १०:०२

मऊ चेंडूने सुरू करा. आधी तिच्या हातात झाडू द्या आणि चेंडू झाडूने अडवायला सांगा. माझी धाकटी अशीच क्रिकेटला यष्टिरक्षक झाली. हसू नका.


सहामीटर
२४ मार्च, रात्री ९:१५

झाडूने झालं. सहावीतली आहे, सगळ्यात बुटकी. दांडीवरची पट्टी १.६० वर ठेवलीय, त्यामुळे तिला वरचे चेंडूही दिसतात. आज सलग चार अडवले आणि पाचव्याला पायाने. गोलीला डीत पाय चालतो हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, पाय आपसूकच गेला.

आता अडचण वेगळी. जाळी. दोन्ही गोलच्या फाटल्यात, चेंडू थेट उसाच्या फडात जातो आणि आणायला दहा मिनिटं. शाळेकडं मागितली, पुढच्या वर्षी बघू म्हणाले.


माड_आणि_वाळू
२४ मार्च, रात्री १०:३०

आमच्याकडे मासेमारीचं जुनं जाळं पडून आहे, नायलॉनचं. दोन गोल सहज निघतील. एसटी पार्सलने पाठवतो. माप आतून सांगता की बाहेरून?


सहामीटर
२४ मार्च, रात्री १०:३६

आतून. तीन बाय दोन, मागं खाली एक मीटर खोल. वास येईल का हो?


माड_आणि_वाळू
२४ मार्च, रात्री १०:४१

पहिले आठ दिवस. मग गोलीला सवय होते.